अध्यक्षपदासाठी स्वतःहून पुढे या
(विभाग समितीच्या वार्षिक सभेत मावळत्या कार्यकारिणीच्या वतीने केलेले भाषण)



आज सभेपुढे विषय एकच आहे. आमच्या कार्यकारिणीची मुदत संपली. अध्यक्षपदासाठी नावे मागवल्याची सूचना फलकावर लावून महिना झाला, पण एकही नाव आलेले नाही.

आपल्या बेळगावात पदाची एक जुनी रीत आहे. माणसाने पद मागायचे नाही. पंचांनी घरी जायचे, त्याने दोनदा नको म्हणायचे आणि तिसऱ्यांदा चहा पिता पिता हो म्हणायचे. गणेशोत्सव मंडळात हे खपून जाते. शिवजयंतीच्या चित्ररथाला तर माणसे कमी पडतच नाहीत. राजकीय कामाला मात्र आग्रहाने बसवलेला माणूस पुरत नाही. ज्याला हे काम करावेसे वाटते तोच हवा, आणि त्याने तसे सभेत उठून सांगण्यात आम्हाला तरी काही गैर वाटत नाही.

काम म्हणजे काय, तेही सांगतो. भाषणे फार थोडी. खरे काम मतदार यादीचे. २०२२ पासून वर्षातून एकदा नव्हे तर चार तारखांना, म्हणजे १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरला, वयाची १८ वर्षे पुरी होणाऱ्यांची नावे यादीत येऊ शकतात. नवीन नावासाठी फॉर्म ६, नाव वगळण्यासाठी फॉर्म ७, पत्ता बदलला किंवा नावात चूक असली तर फॉर्म ८. आपल्या गल्लीतल्या मुली लग्न होऊन गेल्या, सुना आल्या, निम्मी कुटुंबे उपनगरांत राहायला गेली. यादीत मात्र सगळे अजून जुन्याच घरी राहतात! मान्यताप्राप्त पक्षांना प्रत्येक मतदान केंद्रावर आपला प्रतिनिधी नेमता येतो, तो बीएलओंबरोबर बसून यादी तपासतो. आपली समिती तसा पक्ष नाही. म्हणून आपल्याला घरोघरी जाऊन हे काम स्वतःच करावे लागते, आणि ते वाटून द्यायला एक माणूस लागतो.

दुसरे काम अवघड आहे. महापालिकेच्या निवडणुकीआधी सर्व इच्छुकांना एका टेबलाशी बसवून एकच नाव ठरवायचे. २०२१ साली इथे पहिल्यांदा पक्षचिन्हांवर निवडणूक झाली आणि ५८ पैकी ३५ जागा एकाच राष्ट्रीय पक्षाला मिळाल्या. आता समोर चिन्ह असते, यंत्रणा असते. अशा वेळी एका वॉर्डात आपलेच तिघे उभे राहिले तर निकाल सांगायला ज्योतिषी नको. इच्छुकांना नाही म्हणू शकेल असा अध्यक्ष हवा. त्याने स्वतः उमेदवारी मागू नये, ही अट आम्ही सभेपुढे ठेवत आहोत.

महाराष्ट्र शासनाने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तो वकिलांनी लढवायचा. आपल्या गल्लीची यादी तपासायला दिल्लीहून वकील येणार नाहीत. मराठीतून परिपत्रके मिळावीत या मागणीचेही तसेच. घटनेच्या ३५० ब कलमाखाली भाषिक अल्पसंख्याक आयुक्त आहेत, पण त्यांच्याकडे जायचे तर कोणती नोटीस, कोणत्या तारखेला, कोणत्या भाषेत आली, याच्या प्रती हव्यात. त्या जपून ठेवणारा आणि कन्नड नीट वाचणारा कोणी तरुण पुढे आला तर फार बरे होईल. कन्नड वाचता येणे हे त्या खुर्चीचे भांडवल समजा. आमच्या पिढीतल्या काहींना हे पटणार नाही, पण महापालिकेचे कागद हातात घेतले की पटते.

भगिनींना वेगळे सांगतो. घरोघरच्या कामात पुरुष उंबऱ्यापर्यंत जातो, घरात कोण कधी आले-गेले ते तुम्हाला ठाऊक असते. तुमच्यापैकी कोणी अध्यक्ष झाल्यास आम्ही हाताखाली काम करू.

मुदत दोन वर्षांची. मदतीला दोन चिटणीस. हिशेबाच्या वह्या, वर्गणीची पावतीपुस्तके आणि केंद्रवार याद्या लावून ठेवल्या आहेत. पहिले सहा महिने आम्ही दर रविवारी सकाळी कार्यालयात बसू, म्हणजे नव्या माणसाला विचारायला कोणी असेल. अर्ज नाही, शुल्क नाही. चहा होईल तोवर चिटणिसांकडे नाव द्यावे. एकाहून अधिक नावे आली तर आजच मतदान घेऊ, चिठ्ठ्या तयार आहेत.