सहप्रवाशाची देणगी

आपल्याला लाभलेली चांगली वस्तु दुसऱ्यालाही मिळावी, ही इच्छा मनुष्याच्या स्वभावांतच आहे. परसांतील आंबा पाडाला लागला कीं पहिली पाटी शेजारीं जाते. एखादें औषध गुणाला आलें कीं त्याचें नांव दहा घरीं पोंचतें. मग ज्या श्रद्धेनें एखाद्याचें सारें जीवन उजळून निघालें, ती त्यानें मनांत कोंडून ठेवावी अशी अपेक्षा कशी करावी? परंतु धर्माची गोष्ट निघाली कीं ऐकणारा सावध होतो आणि सांगणारा अवघडतो. आंब्याची पाटी घेतांना घेणाऱ्याला कांहीं सोडावें लागत नाहीं. नवी श्रद्धा स्वीकारतांना मात्र घर, गोत, पंगत हें सारेंच पणाला लागतें. म्हणून ख्रिस्ती मनुष्यानें आपली श्रद्धा रोजच्या व्यवहारांत दुसऱ्यापुढें कशी ठेवावी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. त्याचें उत्तर कोरड्या तत्त्वचर्चेंत शोधण्यापेक्षां महाराष्ट्रांतील एका घरांत शोधणें अधिक फलदायी होईल.

सन १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक हे नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें चालले होते. वय तिशीच्या आसपास; कवि म्हणून थोडें नांव झालेलें; संस्कृताचा व्यासंग दांडगा; आणि आपल्या समाजाच्या दुःस्थितीवर उपाय काय, या विचारानें मन सदैव अस्वस्थ. डब्यांत एक युरोपियन गृहस्थ बसला होता. त्या काळीं गोऱ्या उतारूकडून हिंदी मनुष्याला सौजन्याचा अनुभव क्वचितच येई. या गृहस्थानें मात्र सरकून जागा करून दिली. संभाषणाला आरंभ झाला तो संस्कृत काव्यापासून. बोलतां बोलतां ख्रिस्ताची गोष्ट निघाली, आणि निरोप घेण्यापूर्वीं त्यानें टिळकांच्या हातीं नव्या कराराची एक प्रत दिली. आपण दोन वर्षांच्या आंत ख्रिस्ती व्हाल, असें भाकीतही त्यानें केलें. टिळकांना तें त्या वेळीं पटण्यासारखें नव्हतें. पण दिलेला शब्द पाळावा म्हणून त्यांनीं पुस्तक उघडलें. डोंगरावरील प्रवचनापर्यंत ते आले आणि तेथें त्यांचें मन गुंतलें तें गुंतलेंच. १८९५ च्या फेब्रुवारीच्या १० तारखेस मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या प्रसंगांतील क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे. आधीं जागा, मग काव्य, आणि पुस्तक सर्वांच्या शेवटीं. समोरच्या मनुष्याला काय प्रिय आहे याची विचारपूस त्या प्रवाशानें प्रथम केली. आपल्याला काय प्रिय आहे तें मागाहून सांगितलें. त्यानें वादांत कोणाला जिंकलें नाहीं, कसलें आमिष दाखविलें नाहीं. 

येथें गोष्ट संपली असती तर ती फार गोड झाली असती. परंतु टिळकांच्या बाप्तिस्म्याची वार्ता त्यांच्या पत्नीच्या कानीं गेली तेव्हां एका चांगल्या संसाराची वाताहत झाली. लक्ष्मीबाई ब्राह्मण घरांत कडक सोंवळ्याओंवळ्यांत वाढलेल्या. पति जिवंत असून दुरावलेला आणि पदरीं लहान मूल, अशा स्थितींत त्यांना नातलगांच्या आश्रयानें दिवस काढावे लागले. त्यांनीं केलेला आकांत त्यांच्याच 'स्मृतिचित्रें' या आत्मचरित्रांत वाचावयास मिळतो. एकाला मिळालेला प्रकाश दुसऱ्याच्या घरांत काळोख होऊन कसा येतो, हें ज्याला समजून घ्यावयाचें असेल त्यानें तीं पानें अवश्य वाचावींत. श्रद्धेचा प्रसार म्हणजे केवळ आनंदाची वांटणी, असें म्हणणाऱ्यानें तर तीं आधीं वाचावींत.

टिळकांपुढें आतां खरी कसोटी होती. सभेंतील परक्या श्रोत्यांना उपदेश करणें सोपें. स्वतःच्या पत्नीला तो करणें कठीण. कारण तिनें वक्त्याचा राग पाहिलेला असतो, विसराळूपणा पाहिलेला असतो, वचनें मोडलेलीं पाहिलेलीं असतात. टिळक तर स्वभावानें अतिशय तापट व लहरी. लक्ष्मीबाई कांहीं वर्षांनीं अहमदनगरास त्यांच्याजवळ राहावयास आल्या त्या आपला धर्म सोबत घेऊनच. चूल निराळी, पाणी निराळें. पतीनें त्यांना तसें राहूं दिलें. त्यांनीं पाहिलें तें असें, कीं मनुष्य तोच, रागही पुष्कळसा तोच, पण दारीं येणारा कोणत्या जातीचा हा प्रश्न त्याच्या मनांत उरलेला नाहीं. पाहतां पाहतां त्या स्वतःशींच विचार करूं लागल्या, कीं उंचनीच ही वांटणी देवानें केली कीं माणसानें? हा प्रश्न दुसऱ्यानें विचारला असता तर त्यांनीं त्याला सडेतोड उत्तर दिलें असतें. तो त्यांचा त्यांनाच पडला, म्हणून टिकला. १९०० सालीं त्यांचाही बाप्तिस्मा झाला. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पांच वर्षें गेलीं होतीं. आणि तीं पांच वर्षें वांट पाहण्यांत गेलीं, हेंच त्यांतील मर्म होय.

टिळकांना दुसरीही एक गोष्ट उमगली होती. परक्या पोषाखांत आलेला देव शेजाऱ्याला आपला वाटत नाहीं. त्यांना स्वतःला ख्रिस्ताकडे जाण्याची वाट तुकोबांच्या अभंगांनीं सुगम झाली होती. म्हणून त्यांनीं ख्रिस्ताची भक्ति गाइली ती अभंगांत व पदांत. कथा सांगितली ती कीर्तनांत. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आजही त्यांचीं भजनें टाळांच्या साथीवर गाइलीं जातात. त्यांनीं आरंभिलेलें 'ख्रिस्तायन' हें महाकाव्य त्यांच्या निधनानें, म्हणजे १९१९ सालीं, अपुरें राहिलें. तें पुढें नेलें तें लक्ष्मीबाईंनीं. ज्या स्त्रीनें एकदां पतीच्या नव्या धर्मापायीं आकांत मांडला, तिनेंच त्या धर्माची कथा ओवीबद्ध करावी, यापेक्षां श्रद्धेच्या वांटणीचें मोठें प्रमाण कोणतें?

याच घराची आणखी एक आठवण आहे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे महाराष्ट्राचे बालकवि, हे तरुणपणीं अहमदनगरास टिळकांच्या कुटुंबांत राहिले. लक्ष्मीबाईंनीं त्यांना पोटच्या मुलाप्रमाणें मानलें. त्या घरांत प्रार्थना होत, भजनें होत, ख्रिस्ताचें नांव अष्टौप्रहर ऐकूं येई. बालकवि ख्रिस्ती झाले नाहींत. आणि म्हणून त्यांच्यावरची माया रतिभरही कमी झाली नाहीं. प्रचारकाच्या हिशेबवहींत अशा मनुष्याची नोंद कदाचित् अपयश म्हणून होईल. वास्तविक पाहतां सर्वांत निर्मळ साक्ष हीच. ज्या प्रेमाला उत्तराची अट नाहीं, त्यावरच ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो.

येथेंच एक धोक्याची जागा दाखविली पाहिजे. १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनांनीं हजारों अनाथांना आसरा दिला. तें कार्य थोर होतें. पण 'पोटासाठीं बाटले' हा शब्दही त्याच काळीं पुष्कळांना ऐकावा लागला. भुकेल्याला भाकरी देतांना तिच्याबरोबर धर्म बांधून दिला, तर भाकरीचीही चव जाते आणि धर्माचीही. कायद्यानेंही पुढें हा भेद केला. १९५० पासून अमलांत आलेल्या भारताच्या राज्यघटनेनें आपल्या धर्माचा प्रसार करण्याचा हक्क मान्य केला. आणि १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला, कीं त्या हक्कांत दुसऱ्याचें धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाहीं. सांगावें हें सांगणाऱ्याच्या हातीं. स्वीकारावें कीं नाहीं हें ऐकणाऱ्याच्या.

खुद्द नव्या करारांतही पेत्राच्या पहिल्या पत्राची शिकवण अशी आहे, कीं आपल्या आशेचें कारण विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सिद्ध असावें, आणि तें सौम्यतेनें द्यावें. यांत विचारणारा गृहीत धरलेला आहे. तेव्हां खरा प्रश्न असा, कीं कोणी विचारावें असें आपल्या वागण्यांत कांहीं आहे काय? कचेरींत खोटा हिशेब लिहावयास नकार देणारा कारकून, आजारी शेजारणीच्या उशाशीं रात्र काढणारी गृहिणी, भांडणानंतर आपण होऊन माफी मागणारा बाप, यांना एक ना एक दिवस कोणीतरी विचारतेंच, कीं हें बळ तुम्हांला येतें कोठून? त्या वेळीं संकोच न करितां, पाल्हाळ न लावतां, खरें असेल तेवढेंच सांगावें. आणि मग त्या प्रवाशाप्रमाणें आपलें स्टेशन येतांच उतरून जावें. पण तो प्रश्न कानीं पडावा अशी इच्छा असेल, तर आरंभ त्यानें केला तेथूनच केला पाहिजे. आधीं थोडें सरकून शेजारच्याला बसावयास जागा करून दिली पाहिजे.