रिपोर्टमधला आकडा आणि औषधाची दाद

(रौप्यमहोत्सवी वर्षातील आरोग्य व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात झालेले भाषण. वक्त्या आपल्याच सभासद असून व्यवसायाने पॅथॉलॉजिस्ट आहेत.)



कमिटीने मला ‘रक्ताचे रिपोर्ट कसे वाचावेत’ असा विषय दिलाय. त्याला रात्र पुरणार नाही, आणि खाली पावभाजी गार होतेय. म्हणून एकच आजार घेते, मल्टिपल मायलोमा. आपल्यातल्याच एका कुटुंबाने तो सुचवला. त्यांच्या घरी दर महिन्याला रिपोर्ट येतो आणि त्या दिवशी कुणाला जेवण जात नाही.

हाडांच्या आतल्या मगजात प्लाझ्मा पेशी असतात. जंतूंशी लढणारी अँटीबॉडी त्या बनवतात. त्यातली एक बिघडून बेसुमार वाढली की मायलोमा होतो. मग एकाच साच्याचं निरुपयोगी प्रोटीन रक्तात साचतं. त्याला एम प्रोटीन म्हणतात. अँटीबॉडीचे सुटे तुकडे, म्हणजे फ्री लाइट चेन, हेही वाढतात. लघवीतून जाणारं असं प्रोटीन लंडनच्या डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांनी १८४५ मध्येच तपासलं होतं!

आता मुद्द्याचं. आजार औषधाला दाद देईल का, हे रक्तावरून आधीच कळतं का? थोडंफार. सुरुवातीला बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, अल्ब्युमिन आणि एलडीएच बघतात. बीटा-२ साडेतीनच्या खाली आणि अल्ब्युमिन साडेतीन किंवा जास्त असेल, तर पहिली स्टेज. बीटा-२ साडेपाच किंवा त्याहून वर गेलं, तर तिसरी. २०१५ पासून यात एलडीएच आणि पेशींतल्या जनुकीय बदलांचीही भर पडली. पण हे अनेक रुग्णांच्या अनुभवावरून काढलेले अंदाज आहेत. तुमच्या घरच्या माणसाला कोणतं औषध लागू पडेल, हे त्यातून कळत नाही. शिवाय किडनी थकली असेल तर बीटा-२ तसंही वाढतं.

माझ्या मते खरी बातमी उपचार सुरू झाल्यावर मिळते. एम प्रोटीन निम्म्याने उतरलं तर अंशतः दाद, ९० टक्के उतरलं तर फार चांगली दाद, अशी डॉक्टरांची मोजपट्टी आहे. पण इथे धीर धरावा लागतो. आयजीजी प्रकारचं प्रोटीन रक्तातून निम्मं व्हायलाच तीनेक आठवडे घेतं. औषध काम करत असलं तरी आकडा रेंगाळतो. फ्री लाइट चेन मात्र, किडनी ठीक असेल तर, काही तासांत निम्म्या होतात. म्हणून त्या आधी हलतात. ‘अजून कमी नाही झालं’ म्हणून पहिल्याच महिन्यात हातपाय गाळू नका.

एक करा. तपासणी दर वेळी एकाच लॅबमध्ये करा. माझ्याच लॅबमध्ये या असं म्हणत नाहीये (हशा), पण पद्धत बदलली की लाइट चेनचा आकडाही बदलतो आणि तुलना फसते. आकडा शून्यावर आला तरी औषध आपल्या मनाने बंद करू नका. मगजात थोड्या पेशी उरलेल्या असू शकतात, त्या रक्तात दिसतीलच असं नाही.

ज्यांच्या घरी हा आजार नाही, त्यांच्यासाठी. पाठदुखी महिनोन्‌महिने हटत नाही, सोबत हिमोग्लोबिन घसरतंय, आणि साध्या रिपोर्टमध्ये टोटल प्रोटीन जास्त पण अल्ब्युमिन कमी दिसतंय? मग दुखण्यावरच्या गोळ्या खात बसू नका. मायलोमा असेल तर त्यातल्या अनेक गोळ्या किडनीला घातक ठरतात. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ‘प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस करायची का?’ एवढं विचारा.

मागे कुणीतरी हात वर केलाय. विचारा, काका.