एक चाकू, तीन कलमं



आज सकाळी सांगलीहून साताऱ्याला एसटीनं निघालो तेव्हा या पिशवीत अकरा चाकू होते. पेठ नाक्यापाशी गाडी हिसका देऊन थांबली तशी पिशवी खुळखुळली. कंडक्टर म्हणाला, "काका, काय आहे ओ त्यात?" मी म्हटलं, "चाकू." त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा पिशवीकडं बघितलं, आणि "धार लावायला निघालाय होय!" असं स्वतःच उत्तर काढून पुढं गेला. मी त्याला दुरुस्त केलं नाही. जुने चाकू जमवतो असं एकदा सांगितलं की पुढचा अर्धा तास जातो. आज तुम्हीच तो अर्धा तास मला दिलाय, तेव्हा सांगतो.

कंडक्टरनं धारेचं नाव काढलंच आहे, तर तिथूनच सुरू करू. सांगली-साताऱ्यात शिकलगार आडनावाची घरं गावोगाव आहेत. अरबीत 'सैकल' म्हणजे झिलई. ती देणारा तो सैकलगार, आपल्या तोंडी शिकलगार. तलवारी, कट्यारी उजळणारे हे कारागीर. तलवारी गेल्या, शाण राहिली, आणि शाणेपुढं विळे, कातऱ्या, सुऱ्या, अडकित्ते आले. 'चाकू' हा शब्दही असाच बाहेरून आलेला. 'खिसा' तर सरळ फारसी 'कीसा', म्हणजे थैली. आपल्या बाराबंदीला खिसा कुठं होता? पैसे कनवटीला आणि पानाचं सामान कमरेच्या चंचीत. खिशातला चाकू यायच्या आधी मराठी माणसाच्या अंगावरचं रोजचं पातं होतं ते अडकित्त्याचं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जमवाजमव सुरू केली आणि पुढं संग्रहाला लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं नाव दिलं. 'असल्या वस्तू कोण जमवतं' असं मला विचारणाऱ्यांना मी त्या संग्रहालयाचा पत्ता देतो.

पण चाकूनंही खिशाची वाट पाहिली नव्हती. तो दौतीशेजारी बसला होता. बोरूनं लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या कलमदानात एक छोटं पातं लागायचंच. त्याचं फारसी नाव कलमतराश, कलम तासणारा. हे सातारा शहर छत्रपतींची राजधानी होतं. इथून जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, आणि मेणवली दप्तर म्हणून जे कागदांचे रुमाल अभ्यासकांना ठाऊक आहेत त्यातल्या ओळीओळीमागं कुणीतरी बोरू तासला आहे. तासणं म्हणजे पेन्सिलीला टोक काढणं नव्हे. आधी बोरू तिरका छेदायचा. मग आतला गर खरवडून काढायचा. दोन्ही बाजू उतरत्या करायच्या. मधोमध बारीक चीर द्यायची म्हणजे शाई उतरते. शेवटी टोक कठीण लाकडावर टेकवून एका दाबात तोडायचं. ती तोड किती तिरकी, यावर अक्षराचं जाड-बारीक ठरतं. मोडी लिहिताना हात उचलायचा नाही, पण बोरू बोथटला की सगळं थांबवून चाकू हातात घ्यायचाच.

आता हा पहिला चाकू बघा. पातं जेमतेम करंगळीएवढं. वाईकडच्या एका पडक्या वाड्याच्या सामानात, दाराच्या कड्या आणि समया यांच्याबरोबर वजनावर आला. मुळाकडं पातं रुंद आहे, मधे जरा आत गेलंय आणि टोक सुईसारखं झालंय. सुपारी किंवा आंबा कापणारा चाकू असा झिजत नाही. चीर देताना टोक वापरलं जातं, तासताना मधला भाग. म्हणून हा बोरूचा, असं मी म्हणतो. कागदोपत्री पुरावा नाही. झीज हाच याचा कागद.

माझं म्हणणं एवढंच आहे मंडळी, की जुना चाकू ओळखायचा तो त्यानं काय कापलं यावरून. लोक आधी छाप बघतात. छाप बघावीच, पण ती कारखान्याची गोष्ट सांगते, घराची नव्हे.

छाप असते पात्याच्या मुळाशी, जिथं पातं मुठीत शिरतं तिथं. आपल्याकडच्या जुन्या घरांत सगळ्यात मानाचं नाव शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सचं. एक चांदणी आणि एक माल्टीज क्रूस, ही त्यांची खूण. पत्ता, ६ नॉरफोक स्ट्रीट. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी या मंडळींनी पंचाहत्तर पात्यांचा आणि हत्यारांचा एक चाकू केला होता. खिशात तो मावणार नाही हे उघड आहे. मानाचं नाव म्हटलं की नकला आल्याच. इंग्रजी रॉजर्समध्ये एक न उच्चारला जाणारा 'डी' आहे. नकलाकार तो गाळतात आणि आपण नाव वाचताना मनातल्या मनात भरून घेतो. मी दोनदा फसलोय.

छापेवरून साल ठरवताना वजाबाकी करायची. मुकुटाशेजारी 'व्ही आर' असेल तर व्हिक्टोरिया, म्हणजे १९०१ च्या आतलं. 'ई आर' असेल तर साधारण १९०१ ते १९१०. 'जी आर' दिसलं की सावध, जॉर्ज बरेच झाले. पात्यावर 'स्टेनलेस' कोरलेलं असेल तर ते १९१३ च्या आधीचं असूच शकत नाही, कारण हॅरी ब्रेअर्लीला शेफील्डमध्ये ते पोलाद सापडलं त्याच साली. आणि 'मेड इन जर्मनी' असेल तर त्याची गंमत वेगळी. जर्मन माल शेफील्डची नावं लावून खपतो अशी इंग्रज कारखानदारांची तक्रार होती. म्हणून १८८७ मध्ये विलायतेत कायदा झाला की, माल कुठला ते लिहा. हेतू होता लाज आणण्याचा. झालं उलटंच. गिऱ्हाईक ते तीन शब्द बघून माल घ्यायला लागलं.

मुठीबद्दल थोडं. हाड भिंगाखाली धरलं तर बारीक ठिपके दिसतात, सुईनं टोचल्यासारखे. हस्तिदंतावर एकमेकींना छेदणाऱ्या नाजूक रेषा असतात. सेल्युलॉइड तळहातावर घासलं की कापराचा वास येतो. ही सेल्युलॉइडची मूठ दिसायला फार गोड, पण म्हातारी झाली की तिच्यातून वायू सुटतात आणि शेजारच्या चाकवांचीही पाती गंजतात. तिला वेगळी ठेवा. आणि सांबरशिंग! शेफील्डच्या मुठींसाठी सांबराची शिंगं हिंदुस्थानातून जहाजं भरभरून जायची. आपल्याच रानातलं शिंग, त्यांचं पोलाद, आणि पुन्हा आपल्याच बाजारात विक्रीला.

आता हा दुसरा. काळा, दणकट, मुठीवर जाळीची नक्षी, टोकाला अडकवायची कडी. याचं पातं बोथट नाकाचं, शेजारी डबा फोडायचा दात, आणि पाठीमागं हा जाड सुळा. लष्करी चाकू आहे. सातारा जिल्ह्यात हे निघतातच. अपशिंग्याला तुम्ही अपशिंगे मिलिटरी म्हणता, तिथं पहिल्या महायुद्धाचं स्मारक गावातच उभं आहे. हा चाकू त्या गावचा नव्हे, पण त्याच वाटेवरच्या एका घरातला. घरच्या आजी सुळ्याला दाभण म्हणत आणि बैलाच्या दाव्याची पावसानं फुगलेली गाठ त्यानं सोडवत. सुळा मुळात त्याचसाठी असतो, दोरखंडाच्या गाठी उकलायला. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

घरात सांगत की हा चाकू आज्यानं कुटच्या वेढ्यातून आणला. कुट अल अमाराचा वेढा १९१५-१६ चा, तिथं मराठा पलटणी होत्या, सगळं जुळतं. मी रॉकेलच्या बोळ्यानं मुळावरचा मळ हलकेच काढला. सरकारी मालाचा रुंद बाण दिसला आणि खाली आकडा, १९४३. घरात मिनिटभर कुणी बोललं नाही. मग आजी म्हणाल्या, "मग थोरल्या दिरांचा असंल. ते इटलीत हुते." म्हणजे गोष्ट खोटी नव्हती. दोन माणसांच्या दोन गोष्टी एका चाकूला येऊन चिकटल्या होत्या. कुटचा चाकू कदाचित कधीच हरवला असेल.

हे सांगताना साताऱ्यात बसून वाघनखांविषयी बोललं नाही तर तुम्ही मला सोडणार नाही. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून ती इथल्या संग्रहालयात आली, तेव्हा मीही रांगेत होतो. त्या वाघनखांबरोबर एक पेटी आहे. पेटीवरचा मजकूर सांगतो की ही शिवाजी महाराजांची, आणि रेसिडेंट असताना जेम्स ग्रँट डफला ती साताऱ्यात मिळाली. पण तोच मजकूर अफजलखानाला मोगलांचा सरदार म्हणतो. खान विजापूरचा, आदिलशाहीचा, हे इथल्या चौथीतल्या पोराला ठाऊक आहे. हीच ती वाघनखं असं सिद्ध करता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. मी निकाल देणारा कोण? पण वस्तू एक, पेटी दुसरी आणि चिठ्ठी तिसरी, आणि तिघींची वयं वेगळी असू शकतात, हे मात्र त्या रांगेत मला फार स्वच्छ दिसलं. घरी येऊन मी माझ्या सगळ्या चिठ्ठ्यांवर 'असं सांगतात' हे दोन शब्द लिहिले.

आता दुसरं कलम. सांगलीकर असल्यामुळं मला त्याचा जास्त अभिमान आहे, हे मान्य. बोरूही कलम आणि झाडाचं कलमही कलमच. तासगाव, पलूसकडं द्राक्षबाग उभी करताना डॉगरिजचे खुंट लावतात आणि पावसाळा ओसरताना त्यावर हव्या त्या जातीची काडी भरतात. कलम भरणाऱ्यांच्या टोळ्या येतात. त्यांच्या हातातला चाकू बघावा. पात्याला धार एकाच अंगानं, दुसरी बाजू सपाट, कारण काडीची पाचर सपाट उतरली नाही तर सालीला साल भिडत नाही. एका दादांचा चाकू मागायला गेलो होतो. पात्याचं निम्मं अंग शाणेनं खाल्लेलं, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी. म्हटलं, नवा घेऊन देतो, हा मला द्या. ते म्हणाले, "नव्याचा कोन बसायला माझी दोन वर्सं जातील, ती कोण देणार?" मी हात हलवत परत आलो. माझ्या संग्रहातला सगळ्यात चांगला चाकू तो आहे, फक्त तो माझ्याकडं नाही.

तिसरं कलम कायद्याचं, आणि ते थोडक्यात. शस्त्र कायद्याच्या नियमांत घरकाम, शेती, कारखाना यांसाठीचे सोडून नऊ इंचाहून लांब किंवा दोन इंचाहून रुंद पाती बसतात. आपले खिशातले चाकू त्याच्या फार आत असतात. तरी खटका दाबून उघडणारे मी घेत नाही. एसटीत समजावून सांगायला मला माझंच वय पुरणार नाही. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकतात, त्या परदेशी पाठवायच्या नाहीत. त्याच साली वन्यजीव कायदाही झाला. हस्तिदंताच्या, सांबरशिंगाच्या मुठी आजोबांकडून आल्या असतील तर त्या विकायच्या भानगडीत पडू नका.

राखण्याचं सांगतो आणि संपवतो. मी सांगलीच्या गावभागात राहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा घरात आली, आणि वर न्यायच्या सामानात पुस्तकं गेली, चाकवांची पत्र्याची पेटी विसरली. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तर आत गाळाची वडी, तिच्यात पाती. शिंगाच्या मुठी फुगून पापुद्रे सुटले होते. एक सेल्युलॉइडची अगदी विरघळल्यासारखी झाली होती. आठ दिवस स्वयंपाकघरात रॉकेलचा वास होता, बायकोनं तो कसा सोसला तिलाच माहीत. गोडं पाणी, मऊ फडकं, रॉकेल, मग शिलाई मशिनचं तेल. खोबरेल कधी लावू नका, ते चिकट होऊन बसतं आणि कमानीत अडकतं. लष्करी चाकू मात्र तेलाच्या चार थेंबांवर खट् करून उघडला, जसं काही झालंच नव्हतं.

घासायचं मात्र नाही. तांबूस चुरा निघेल तेवढा काढा, खालचा काळसर रंग राहू द्या, तो पात्याचं पांघरूण आहे. हे मी शहाणपणानं सांगत नाही. हा शेवटचा चाकू बघा, चकचकीत. तीस वर्षांपूर्वी माझ्या हाती आला तेव्हा पात्यावर पुसट अक्षरं होती, देवनागरी. दोन ओळी. वाचता येईनात म्हणून मी चिंच आणि राख घेऊन बसलो. तासाभरात पातं आरशासारखं झालं आणि अक्षरं राखेबरोबर मोरीत गेली. आडवं 'स' आठवतं, आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी गावाचं नाव असावं असं वाटतं. सातारा, की सांगली, की नुसतंच एखाद्या सदाशिवाचं नाव, देव जाणे.

तुमच्यात जुनी माणसं आहेत. पितळी मूठ, तिच्यावर वेल, आणि मुठीच्या टोकाला पोपटाची चोच, असा चाकू कुणाच्या घरी होता का, कुणी करत होतं का, एवढं बघून सांगा. पुढच्या रांगेपासून फिरवतो. मिटूनच द्या, धार अजून आहे. आणि मंडळी, परत येऊ द्या, मी अकरा मोजून आणलेत.