नलिकेची गोलाई

जालना जिल्ह्यांतील घनसावंगी तालुक्यांत जांब नांवाचें गांव आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ सालीं तेथें झाला, म्हणून लोक त्यास जांबसमर्थ म्हणतात. अशा एखाद्या गांवच्या मंदिरांत सायंकाळीं भजन रंगलें, कीं पेटी, पखवाज आणि टाळ यांच्या जोडीला आज आणखी एक वस्तु बहुधा असते. ती म्हणजे कोणा तरुणाच्या हातांतील मोबाइल. तो भजन नुसतें ऐकत नाहीं. तें मुद्रित करतो, घरीं जाऊन त्याच यंत्रावर त्याची काटछांट करतो, आणि शेवटीं एखाद्या ॲपमधील कळ फिरवून त्या ध्वनीस 'ट्यूब सॅच्युरेशन' देतो. हा शेवटचा संस्कार म्हणजे नेमकें काय, तो कोठून आला, कोणत्या आवाजावर तो करावा आणि कोणत्यावर करूं नये, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ट्यूब म्हणजे निर्वात नलिका. जुन्या रेडिओची मागची फळी काढली म्हणजे आंत तांबूस उजेडाचे कांचेचे लहान लहान दिवे दिसत. घरोघरीं त्यांना 'व्हाल्व्ह' म्हणत. त्याच या नलिका. फ्लेमिंग या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०४ सालीं दोन अग्रांची नलिका केली. १९०६ सालीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यानें तींत तारेची एक जाळी बसविली. तापलेल्या अग्रापासून निघणारा विद्युत्कणांचा ओघ ही जाळी कमीजास्त करते, आणि तिच्यापाशीं आलेला क्षीण संदेश पलीकडून मोठा होऊन निघतो. मुंबईस २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालेलें नभोवाणी केंद्र या नलिकांवरच चाले, आणि निजामी राज्यांतील औरंगाबादचें केंद्र, जें १९५० सालीं आकाशवाणीकडे आलें, तेंहि. जालना शहर त्या काळीं औरंगाबाद जिल्ह्यांतच मोडत असे. स्वतंत्र जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजीं. पुढें ट्रान्झिस्टर आला. डिसेंबर १९४७ मध्यें बेल प्रयोगशाळेंत त्याचा शोध लागला, आणि नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत नलिकांनीं घरांतून आपला मुक्काम हलविला.

परंतु कानाला कांहींतरी चुकल्यासारखें वाटूं लागलें. जुन्या यंत्रांतून येणारा आवाज भरदार वाटे, नव्यांतून येणारा स्वच्छ पण कोरडा. इंग्रज लोक या गुणाला ऊब म्हणतात. आपला गवई त्यास गोलाई म्हणेल, आणि तो शब्द अधिक नेमका आहे, कारण नलिका ध्वनिलहरीचा माथा खरोखरच गोल करते.

हें समजण्यास मोंढ्यावरील धान्याचें माप पुरेसें आहे. माप कांठोकांठ भरलें कीं पुढचें धान्य एकदम सांडावें, वरून फळी फिरवून सपाट करावें, ही एक रीत. मोबाइलच्या मायक्रोफोनपाशीं टाळ जोरानें वाजला म्हणजे तेंच होतें. लहरीचा माथा सपाट कापला जातो आणि आवाज फाटतो. दुसरी रीत शिगेच्या मापाची. माप भरत आलें तरी धान्य आणखी थोडें घेतें, शीग चढते, पण जसजशी ती उंच होते तसतसा प्रत्येक मुठीचा लाभ कमी होतो. नलिकेचें वागणें या दुसऱ्या जातीचें आहे. तिची क्षमता संपत आली कीं ती हळूहळू हात आंखडता घेते. यालाच सॅच्युरेशन म्हणतात. एकदां सपाट कापला गेलेला आवाज मात्र कोणतेंहि ॲप शिगेचा करूं शकत नाहीं. तेव्हां मुद्रण करतांनाच मायक्रोफोन टाळापासून दूर ठेवावा.

लहरीचा आकार बदलला म्हणजे तींत नवे स्वर उपजतात, आणि खरी मौज येथें आहे. षड्ज सेकंदास २४० आंदोलनांचा धरूं. नलिका त्याला दुप्पट, म्हणजे ४८० आंदोलनांचा तार षड्ज जोडते. तिप्पट केल्यास ७२० येतात. तो तार सप्तकांतील पंचम. पांचपटीनें १२०० होतात. तो वरच्या सप्तकांतील शुद्ध गंधार, तोच जो खर्जाच्या तारेंतून जाणत्या श्रोत्यास आपोआप ऐकूं येतो. मात्र सातपटीचे १६८० दोन सप्तकें खालीं आणले तर ४२० भरतात. धैवत ४०० चा आणि कोमल निषाद ४३२ चा, म्हणजे हा स्वर कोणत्याच घरचा नव्हे. सौम्य सॅच्युरेशनमध्यें पहिलीं दोन-तीन अपत्यें ठळक असतात. कळ अधिक पिळली कीं हीं परकीं मंडळीहि गोळा होतात आणि गोडव्याचा कर्कशपणा होतो. एकेकट्या त्रिअग्री नलिकेंत दुपटीच्या स्वराचें प्राबल्य असतें. नलिकांची जोडी समोरासमोर लावली कीं समपटीचे स्वर एकमेकांस मारतात आणि विषमपटीचे उरतात.

महाराष्ट्रास हें नवल वाटण्याचें कारण नाहीं. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात, ती याच कामासाठीं. घोडीचा माथा रुंद व किंचित् गोल असतो, तार त्यावर निसटती टेकते, खालीं दोरा सरकवून ती जागा साधतात, आणि साध्या तारेंत जे स्वर निघावयाचे नाहींत ते निघूं लागतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं या वाद्यांवर निबंध लिहिला. तार ज्या ठिकाणीं छेडावी तेथें ज्या उपस्वरांची गांठ येते ते उपस्वर नियमाप्रमाणें उमटूं नयेत. तंबोऱ्यांत मात्र ते ऐकूं येतात, असें त्यांनीं दाखविलें. नलिकेची रीत निराळी, फळ त्याच कुळांतलें.

आतां मोबाइलच्या आंत ना कांच आहे ना तापलेली तार. तेथें केवळ गणित आहे. आवाज सेकंदास ४८,००० वेळां मोजला जातो आणि प्रत्येक मोजमापाच्या जागीं ॲप दुसरी संख्या ठेवतें. सर्वांत साध्या रीतींत ०.१ च्या जागीं ०.०९९७ येतात, म्हणजे हळू आवाज जवळजवळ जसाच्या तसा जातो, ०.५ चे ०.४६२ होतात, १ चे ०.७६२, आणि २ चे अवघे ०.९६४. शीग चढते ती अशी. हें कोष्टक दोन्ही बाजूंस सारखें असल्यामुळें त्यांतून केवळ विषमपटीचे स्वर निघतात. दुपटीचा स्वर हवा असल्यास लहर एका बाजूस थोडी सरकवावी लागते. ॲपमध्यें 'बायस' नांवाची कळ असते ती यासाठीं, आणि 'ड्राइव्ह' नांवाची कळ आवाज मापांत किती जोरानें ओतावा हें ठरविते.

ॲपलचें गॅरेजबँड २०११ सालीं आयपॅडवर आलें. २०१५ पासून एका कारागिरानें केलेला असा संस्कार दुसऱ्याच्या ॲपमध्यें बसविण्याची सोय त्याच यंत्रांवर झाली, आणि फॅबफिल्टर कंपनीचें सॅटर्न, जें ध्वनीचे पट्टे पाडून प्रत्येकाला निराळी नलिका लावतें, आज आयपॅडवरहि मिळतें. अँड्रॉइडवर बँडलॅब व एफएल स्टुडिओ मोबाइल यांवर पुष्कळ मुलें काम करतात.

गणिताच्या नलिकेला एक दोष मात्र आहे, जो कांचेच्या नलिकेला नव्हता. सेकंदास ४८,००० मोजण्या असतील तर २४,००० हून अधिक आंदोलनांचा स्वर त्यांत मावत नाहीं. टाळाच्या नादांत १०,००० आंदोलनांचा अंश असतो. सॅच्युरेशननें त्याचा पांचपट स्वर उपजला, म्हणजे ५०,००० चा. तो वर जाण्यास जागा नाहीं, म्हणून उलटून २,००० वर येऊन पडतो, नेमका जेथें कान सर्वांत तीक्ष्ण असतो तेथें, आणि त्याचें मूळ नादाशीं कोणतेंहि नातें नसतें. कित्येक फुकट ॲपमधून येणारी वाळूसारखी करकर तीच. चांगलें ॲप आंतल्या आंत मोजणी चौपट किंवा आठपट करतें, वरचे स्वर गाळतें आणि मग मूळ मोजणीवर येतें. या रीतीला 'ओव्हरसॅम्पलिंग' म्हणतात. बॅटरी अधिक खर्च होते, पण ॲप निवडतांना नलिकेच्या चित्रापेक्षां हा शब्द शोधावा.

दुसरी गोष्ट भजनाला अधिक लागू आहे. दोन स्वर एकाच नलिकेंतून गेले म्हणजे त्यांच्या बेरजेचा व वजाबाकीचाहि स्वर जन्मतो. षड्ज २४० आणि पंचम ३६० एकत्र गेले तर वजाबाकी १२०, म्हणजे मंद्र षड्ज. बेरीज ६००, म्हणजे तार गंधार. सर्व घरचेच. परंतु षड्जाबरोबर २५६ चा कोमल ऋषभ गेला तर बेरीज ४९६. ती तार षड्ज व तार कोमल ऋषभ यांच्या मधोमध लटकते. म्हणून तंबोरा व एकटा गळा यांना सॅच्युरेशन मानवतें, आणि पेटी, टाळ, पखवाज व दहा गळे एकाच मायक्रोफोननें घेतलेल्या मुद्रणास तें चिखल करून ठेवतें. वाद्यें वेगळीं मुद्रित केलीं असतील तर प्रत्येकास स्वतंत्र व अल्प मात्रा द्यावी.

एका ठिकाणीं तर हा संस्कार केवळ शोभेचा न राहतां उपयोगाचा होतो. पखवाजाच्या धुमेचा खोल नाद मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला काढतांच येत नाहीं. पण त्या नादाचे उपस्वर जोडले तर ते निघतात, आणि कान उपस्वरांवरून मूळ स्वर स्वतःच ताडतो. धुम ऐकूं येते, जरी ती स्पीकरमधून निघालेली नसते!

आतां ज्या आवाजावर हें करूं नये त्याविषयीं. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तशा ओव्या ज्यांना येतात अशा म्हाताऱ्या मराठवाड्यांत अजून आहेत, आणि त्यांचे नातू मोबाइलवर त्या टिपून घेतात. हौसेनें नातू त्याच प्रतीवर नलिकेची कळ फिरवितो. मग काय होतें? गळ्याचा चढ दबतो, त्या मानानें जात्याची घरघर वर येते, आणि बेरीज-वजाबाकीच्या नियमानें ती आजीच्या आवाजांत मिसळते. त्यांतून नुसता आवाज पुन्हा काढतां येत नाहीं. ती ओवी दुसऱ्यांदां म्हणण्यास आजी असेलच असें नाहीं. अशा मुद्रणाची मूळ प्रत कोरी ठेवावी. संस्कार करावयाचा तो नकलेवर.

मूळ प्रत 'वेव्ह' प्रकारची, सेकंदास ४८,००० मोजण्यांची व २४ बिटांची असावी. एका मायक्रोफोनच्या एका तासास अशी फाइल सुमारें ५१८ मेगाबाइट जागा घेते. आजच्या मोबाइलला ती जड नाहीं. नक्कल व मूळ यांची तुलना करतांना दोहोंची पातळी आधीं सारखी करावी, कारण सॅच्युरेशन आवाज मोठा करतें आणि मोठा आवाज कानाला नेहमींच अधिक चांगला वाटतो. पातळी जुळविल्यावर कित्येकदां कोरी प्रतच पसंत पडते. आणि नातेवाइकांस ती व्हॉट्सॲपवर धाडावयाची असेल तर ध्वनिसंदेश म्हणून न धाडतां दस्तऐवज म्हणून जोडावी. मग ती न दाबतां जशीच्या तशी पोहोंचते.