स्वमताला किती गुण?



संमेलनाध्यक्षाने भाषेच्या भवितव्याची चिंता करावी आणि मग सगळ्यांनी जेवायला जावे, असा आपल्याकडचा रिवाज आहे. आज ती चिंता मी बाजूला ठेवते आणि आपणा मराठी शिक्षकांच्या हातातल्या लाल पेनाविषयी बोलते. मुले गुणांना घाबरतात, हे आपण सगळेच मान्य करतो. पालकसभेत आपण त्याचा दोष पालकांना देतो, पालक क्लासला देतात आणि क्लासवाले स्पर्धेकडे बोट दाखवतात. गुण घालणारे मात्र आपण असतो.

एनसीईआरटीने २०२२ साली सहावी ते बारावीच्या पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली. अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांमुळे चिंता वाटते, असे सांगणारे ८१ टक्के निघाले. आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ काय म्हणते? मूल भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त राहील असा अभ्यासक्रम आणि असे मूल्यमापन हवे. भयमुक्तीची गोष्ट कायद्यात लिहिलेली आहे आणि आपण ती सुविचारासारखी फळ्यावर लिहून पुसून टाकतो.

ज्या आकड्यापायी एवढी झोप उडते, तो आकडा तरी किती पक्का आहे? आपल्या दहावीचेच निकाल पाहा. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे गुण बंद झाले आणि निकाल ७७.१० वर आला. ओरड झाली, हे अंतर्गत गुण परत आले आणि २०२० साली निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झालाच नव्हता. इतर विषयांच्या सरासरीवरून मुलांना भूगोलाचे गुण मिळाले. २०२१ साली तर परीक्षाच झाली नाही आणि ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण झाली. या चार वर्षांत महाराष्ट्रातल्या मुलांची बुद्धी अशी खालीवर झालेली नाही. सूत्र बदलत गेले. २०१९ च्या निकालानंतर जी मुले स्वतःला मठ्ठ समजून घरात बसली, त्यांना हे आपल्यापैकी किती जणांनी सांगितले?

परीक्षाच नको म्हणणाऱ्यांतली मी नव्हे. अकरावीच्या मोजक्या नामांकित महाविद्यालयांतल्या जागा वाटायच्या तर काही मोजमाप लागणारच. आडगावातल्या ज्या मुलामागे कोणी नाही, त्याला ओळखीपाळखीच्या चिठ्ठीपेक्षा गुणपत्रिका केव्हाही बरी. पण हे जागावाटपाचे मोजमाप आपण तिसरीच्या वर्गापर्यंत खाली नेले आहे. तिसरीत कोणत्या जागा वाटायच्या आहेत?

आता आपल्या विषयाकडे येते. मराठीची प्रश्नपत्रिका जाऊन कृतिपत्रिका आली, तिच्यात ‘स्वमत’ आले. हेतू चांगला होता. मुलाने पाठ वाचावा आणि स्वतःला काय वाटते ते लिहावे. वर्ष उलटायच्या आत बाजारात स्वमताची तयार उत्तरे आली. मुले आता स्वमत पाठ करतात! हसू येते, पण ती पाठ करतात याला कारण आहे. समजा, पावसावरच्या कवितेखाली एखादी मुलगी लिहिते, ‘पाऊस सुरू झाला की आमच्या घरात कोणी बोलत नाही. सगळे छताकडे बघतात.’ शेजारचा मुलगा लिहितो, ‘पाऊस आला की मन मोहरून जाते आणि सृष्टी हिरवा शालू पांघरते.’ गठ्ठ्यात चाळीस पेपर असतात, रात्रीचे अकरा वाजलेले असतात. त्याच्या उत्तरात अपेक्षित मुद्दे सापडतात, तिच्या उत्तरात सापडत नाहीत. त्याला तीनपैकी तीन, तिला दीड. ती मुलगी हुशार असेल तर पुढच्या चाचणीत शालू पांघरेल. तिला वाटणारी चिंता अगदी बरोबर आहे. स्वतःचे वाक्य लिहिले की दीड गुण जातात, हे तिने अनुभवाने शोधून काढलेले आहे.

स्वमत कशासाठी हवे, हे समजायला थोडे मागे जाऊ. महात्मा फुल्यांनी १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा प्राथमिक शाळेत मोडी, बालबोध आणि हिशेबाबरोबर शेती, नीती आणि आरोग्य शिकवावे असे मागितले होते. तोच धागा पुढे न्यायचा तर, ज्या मुलाला पुढे सावकाराचा कागद वाचायचा आहे, त्याला कोणाच्याही भिडेशिवाय ‘हे मला पटत नाही’ म्हणता यावे, एवढे तरी शिक्षणाने करावे. स्वमत म्हणतात ते याला.

स्वमत पाठ करणाऱ्या मुलांहून आपण काही निराळे वागतो असे मात्र समजू नका. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहायच्या होत्या. चारच दिवसांत त्यांच्या पीडीएफ फिरू लागल्या. ‘उपक्रमात उत्साहाने भाग घेते’, ‘अक्षर सुधारणे आवश्यक’. मुले स्वमत गाइडातून उतरवतात आणि आपण त्या मुलांविषयीचे आपले मत पीडीएफमधून उतरवतो. मूल्यमापनाची ती योजना वाईट नव्हती, ती अशी मेली. मग सगळे म्हणू लागले की आठवीपर्यंत कोणालाच नापास न करता नुसती ढकलगाडी आहे, आणि पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आली.

मग मनापासून लिहिलेल्या शेऱ्याचा उपयोग होतो का? इस्रायलमधल्या संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा आणि काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती नुसता शेरा मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा उपयोग झाला नाही, मुलांचे लक्ष गुणांवरच गेले. आपल्याकडे शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केले आणि मुलांची एकमेकांशी तुलना न करता शाळा चालवता येते, हे दाखवले. हे काम मराठीत, आपल्या गावात झालेले आहे. त्यासाठी परदेश दौऱ्याची गरज नाही.

बोर्डाचे पेपर आपल्या हातात नाहीत, तिथे नियामक आहेत, आदर्श उत्तरपत्रिका आहे. घटक चाचण्या मात्र आपल्या हातात आहेत. म्हणून संध्याकाळच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. पाचवी ते नववीच्या मराठीच्या घटक चाचणीचे पेपर आधी केवळ शेरा लिहून परत द्यावेत, गुण आठवड्याने सांगावेत. वर्गात कोणाचेही गुण मोठ्याने वाचू नयेत. आणि स्वमताच्या उत्तरात मुलाचे स्वतःचे एक जरी वाक्य असेल, तर ते अपेक्षित मुद्द्यांत नाही म्हणून त्याचे गुण कापू नयेत.

हात वर करण्यापूर्वी आपल्या वर्गाचा पट आठवा. साठ मुलांना साठ वेगळे शेरे लिहायचे म्हणजे वेळ लागतो. तो वेळ आज वेळापत्रकात नाही आणि तो मागण्यासाठी मुख्याध्यापकांशी, संस्थाचालकांशी भांडावे लागेल. तेवढी तयारी असेल तरच ठरावाच्या बाजूने मत द्या.