नंबर लागणं आपल्या हातात नाही, कागद आपल्या हातात आहेत

(एकलहरे इथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं बोलणं. ज्या ताई त्या दिवशी येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी लिहून दिलं आहे.)



बचतीचा आणि कर्जफेडीचा विषय झाला. अध्यक्षताईंनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मी वीस घेणार आहे, हे आधीच सांगते.

एक प्रश्न विचारते. तुमच्या गटातल्या किती घरांत पुढच्या जूनला पहिलीत जाणारं लेकरू आहे? वाचताना सुद्धा जरा थांबा आणि बोटांवर मोजा. लेक, नातू, जावेचा मुलगा, शेजारणीची मुलगी, कोणीही चालेल. या मोजणीसाठीच मी आज उभी आहे.

२००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. आपण त्याला आरटीई म्हणतो. त्यातल्या कलम १२ प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळेला सुरुवातीच्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा आपल्यासारख्या घरांतल्या मुलांना द्याव्या लागतात. पहिलीत ४० मुलं घेत असतील, तर १० जागा. आठवीपर्यंत फी नाही. ती फी सरकार शाळेला ठरलेल्या दराने देतं. म्हणजे कोणी आपल्यावर उपकार करत नाही. शाळेच्या दारात मान खाली घालून उभं राहायचं कारण नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र हे लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तसं ठरवलं आहे, म्हणून यादीत त्या शाळा दिसत नाहीत.

अर्ज कोण करू शकतं? अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त, भटके, ओबीसी, विशेष मागास यांना उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला पुरतो. बाकीच्यांना वर्षाचं उत्पन्न १ लाखाच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. दिव्यांग मुलांना आणि अनाथ मुलांनाही जागा आहे. विधवा आणि घटस्फोटित ताईंनी "वडिलांचे कागद नाहीत" म्हणून थांबू नका. पतीच्या मृत्यूचा दाखला किंवा न्यायालयाचा निर्णय जोडून अर्ज करता येतो.

आता माझी चूक सांगते. ज्या ताईबद्दल सांगतेय ती आज इथे बसली आहे आणि तिने "सांग" म्हटलं आहे.

मी या कामाला नवी होते. समाजकार्याची पदवी घेतली होती, कायदा कलमासकट पाठ होता. ताईचा मुलगा पहिलीला होता. सगळे कागद तिने एका पिशवीत घालून आणले. आम्ही दोघींनी मिळून अर्ज भरला. मोबाइल नंबर तिच्या मालकांचा दिला. मी तिला सांगितलं, "ताई, नंबर लागला की मेसेज येईल, निवांत राहा." ती निवांत राहिली. मीही राहिले. मध्ये मालकांनी कार्ड बदललं. सोडत निघून गेली, मेसेज कोणालाच दिसला नाही. एक दिवस सहज म्हणून मी पोर्टल उघडलं, तर तिच्या मुलाचं नाव निवड यादीत होतं आणि कागद तपासून घ्यायची शेवटची तारीख तीन दिवसांपूर्वी संपली होती. जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलाला गेली.

मला तिच्या घरी जाऊन सांगावं लागलं. ती चिडली नाही. एवढंच म्हणाली, "मग आता काय करायचं?" मला उत्तर देता आलं नाही. पहिलीचा प्रवेश एकदाच होतो. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणता येत नाही.

त्या दिवसापासून मी मेसेज येईल असं कोणालाच सांगत नाही. मेसेज येतो किंवा येत नाही. पोर्टलवर "अ‍ॅप्लिकेशन वाइज डिटेल्स" असं एक बटण आहे. तिथे अर्जाचा क्रमांक टाकला की स्थिती कळते. सोडत झाल्यावर रोज संध्याकाळी ते बघायचं. अर्जाचा क्रमांक घरात भिंतीवर लिहा, गटाच्या रजिस्टरमध्ये लिहा, मलाही द्या. मोबाइल नंबर असा द्या, जो वर्षभर बदलणार नाही. तुमचा स्वतःचा असेल तर सगळ्यात चांगलं.

दुसरी गोष्ट तारखांची. २०२४ ला अर्ज एप्रिल-मेमध्ये भरले गेले. २०२५ ला ते थेट जानेवारीत सुरू झाले आणि फेब्रुवारीत सोडतही निघाली. मागच्या वर्षीच्या हिशोबाने "उन्हाळ्यात बघू" म्हणणाऱ्यांची गाडी निघून गेली. म्हणून तारखेची वाट बघत बसायचं नाही, कागद आधी तयार ठेवायचे. दिवाळी झाली की लगेच लागायचं.

२०२४ ची अजून एक गोष्ट तुम्हाला माहीत हवी. त्या वर्षी ९ फेब्रुवारीला शासनाने नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळा १ किलोमीटरच्या आत असेल, तर जवळच्या खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट दिली. आता आपल्या भागात बघा. जिल्हा परिषदेची शाळा कुठल्या गावात नाही? म्हणजे हक्क कागदावर राहिला आणि जागा गेल्या. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे ला स्थगिती मिळाली आणि अर्ज पुन्हा नव्याने भरून घेतले गेले. १९ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्दच केला. पुढे सर्वोच्च न्यायालयातही तो निकाल टिकला. कोणी तरी भांडलं म्हणून आज हा अर्ज आपल्यासाठी उघडा आहे. तो आपल्या आळसाने वाया घालवू नका.

आता कागदांचं बोलू.

जन्माचा दाखला. नाव, स्पेलिंग, तारीख आधारशी जुळते का ते आत्ताच बघा. दुरुस्तीला वेळ लागतो. पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होणारं मूल धरतात. नेमकी तारीख त्या वर्षाच्या सूचनेत वाचायची.

जातीचा दाखला. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. कारण जुना पुरावा लागतो. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा उतारा नाहीतर जुनी महसुली नोंद शोधायची. थर्मलच्या कामासाठी बाहेरच्या जिल्ह्यांतून येऊन राहिलेली घरं आपल्याकडे आहेत. त्यांना त्यासाठी मूळ गावी जावं लागतं. दिवाळीला गावी जाल तेव्हा हेच काम धरून जा. दुसऱ्या राज्यातला जातीचा दाखला चालत नाही. तशा घरांनी उत्पन्नाच्या दाखल्यावर अर्ज करता येतो का ते बघायचं.

उत्पन्नाचा दाखला. सेवा केंद्रातून अर्ज करा आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे दाखला ठरलेल्या मुदतीत मिळायला हवा आणि पावती हाच आपला पुरावा असतो.

राहण्याचा पुरावा. रेशनकार्ड, आधार, वीजबिल, घरपट्टी, मतदार कार्ड. भाड्याच्या खोलीत राहत असाल आणि यातलं काहीच इथल्या पत्त्याचं नसेल, तर नोंदणी केलेला भाडेकरार लागतो. साध्या स्टॅम्पवर लिहून घेतलेला चालत नाही. तो अर्ज भरायच्या आधीच्या तारखेचा आणि किमान ११ महिन्यांचा हवा. घरमालक कां-कूं करतात, माहीत आहे. दोन-तीन ताई मिळून बोलायला गेल्या तर फरक पडतो. नोंदणीच्या खर्चाला गटातून अंतर्गत कर्ज घ्या. म्हैस आणि शिलाई मशीनला आपण कर्ज देतो, या कागदाला का नाही?

अर्ज भरताना नकाशावर घराची खूण स्वतः लावा. केंद्रातल्या मुलाला घाई असते, तो गावाच्या मधोमध टिकली लावून मोकळा होतो. १ किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी प्राधान्य, मग ३ पर्यंतच्या, मग पुढच्यांना. घर चुकीच्या जागी दाखवलं आणि पडताळणीत कळलं, तर लागलेला प्रवेश रद्द होतो. शाळा जास्तीत जास्त १० निवडता येतात. एका मुलाचा एकच अर्ज. नंबर पक्का व्हावा म्हणून दोन अर्ज भरले तर दोन्ही जातात.

अर्जाला फी नाही. सोडत संगणकावर निघते. "इतके द्या, नंबर लावून देतो" म्हणणारा माणूस दारात आला, तर त्याला चहासुद्धा देऊ नका.

नंबर लागला की अलॉटमेंट लेटरची प्रत काढायची, हमीपत्र भरायचं, मूळ कागद आणि झेरॉक्स घेऊन पडताळणी समितीकडे जायचं. केंद्राचं नाव लेटर वाचूनच ठरवा. आपलं गाव पंचायत समितीत येतं, नाशिकरोड महापालिकेत. शाळा कुठली लागली त्यावर केंद्र वेगळं असू शकतं. मजुरी बुडवून चुकीच्या ऑफिसात जाऊ नका.

शाळेने मुलाची किंवा तुमची परीक्षा, मुलाखत घ्यायची नाही, देणगी मागायची नाही. कलम १३ मध्ये त्याला दंड आहे. मुलाखत घेतली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि देणगी घेतली तर तिच्या दहापटीपर्यंत. शाळा अडवत असेल तर तोंडी भांडू नका, लेखी द्या. कलम ३२ प्रमाणे अशी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते. आपल्यासाठी ते पंचायत समिती आणि जिल्हा परिषद, शहरात महापालिका. तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. पोच घ्या. त्यावरही समाधान झालं नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोग आहे.

एक खरं बोलते. फी माफ म्हणजे सगळा खर्च माफ नाही. शाळा लांब असेल तर बस किंवा रिक्षाचं भाडं आपल्या पदरचं जातं. आठ वर्षांचा हिशोब करा आणि मगच शाळांचा क्रम लावा. नाव मोठं म्हणून लांबची शाळा लिहून नंतर चौथीत मूल काढलेलं मी पाहिलं आहे.

आणि नंबर नाही लागला तर? जागा थोड्या आणि अर्ज जास्त, बऱ्याच जणींचा लागणार नाही. तेव्हा "आपलं नशीब फुटकं" म्हणून लेकरासमोर रडू नका. ते पोर जिल्हा परिषदेच्या शाळेत हरल्यासारखं जाईल. तीही त्याच्या हक्काचीच शाळा आहे. वयाचा दाखला नाही, तारीख उलटून गेली, या कारणांनी तिथे प्रवेश नाकारता येत नाही. शिवाय त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असं हाच कायदा म्हणतो. खासगी शाळेत आपल्याला गेटवर थांबवतात. इथे आपण खुर्चीवर बसून शिक्षक कमी का, संडासाला पाणी का नाही, हे विचारू शकतो. सही करून घरी येऊ नका, विचारा.

ज्या ताईची गोष्ट सांगितली, तिचा मुलगा गावच्याच शाळेत आहे. छान वाचतो. म्हणून माझी चूक पुसली गेली असं मी म्हणत नाही. त्याच्या नावावर निघालेली जागा माझ्या एका वाक्यामुळे गेली. पण पुढच्या वर्षी पोर्टल रोज कोण बघत होतं माहीत आहे? तीच. गटातल्या दुसऱ्या ताईच्या मुलीसाठी. त्या मुलीचं नाव आलेलं तिनेच पहिल्यांदा पाहिलं आणि मला फोन केला.

म्हणून आज एवढंच ठरवून उठू. प्रत्येक गटाच्या रजिस्टरला शेवटी एक पान करा. मुलाचं नाव, जन्मतारीख, कुठला कागद आहे, कुठला नाही, अर्ज क्रमांक आणि रोज पोर्टल बघणाऱ्या ताईचं नाव. बचत लिहितो तसंच दर बैठकीत ते पान उघडायचं. सीआरपी ताई पुढच्या महिन्यात प्रत्येक गटाचं पान बघतील. मीही येईन.

सुरुवातीला बोटांवर मोजलेली मुलं आठवतात ना? त्यांची नावं आज घरी जायच्या आधी लिहा.