बर्मिंगहॅमचे बँडमास्तर
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत केलेले भाषण)



संयोजकांनी आम्हाला विषय दिलेला नाही. म्हणाले, दहा-पंधरा मिनिटं बोला, काही नवीन सांगा. आम्ही गिरणी कामगार. शाळा नववीत सुटली, पुढचं जे काही झालं ते पाळीवरून सुटल्यावर वाचनालयात झालं. इंग्रजी आम्ही डिक्शनरीची काठी टेकत टेकत वाचतो. तसंच टेकत टेकत एका शाळेतल्या बँडमास्तराचं आत्मकथन वाचलं. ते काही डोक्यातून जाईना, म्हणून तेच सांगतो.

हे मास्तर अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातले. अलाबामा म्हटलं की लांब वाटतं, पण आपल्याला ते अगदीच परकं नाही. १९६५ साली तिथल्या लाऊंड्स परगण्यात काळ्या लोकांनी स्वतःचा पक्ष काढला आणि निवडणुकीची निशाणी घेतली काळा चित्ता. तीच निशाणी पुढे कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथरवाल्यांनी उचलली आणि १९७२ साली आपल्या मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तेव्हा पोस्टरवरचा तो चित्ता मूळचा अलाबामातला, हे तरुणांनी लक्षात ठेवावं.

त्याच राज्यात बर्मिंगहॅम नावाचं शहर आहे. १८७१ साली वसलं. लोखंडाचं खनिज, कोळसा आणि चुनखडी, तिन्ही एकाच ठिकाणी हाताशी, म्हणून भट्ट्या उभ्या राहिल्या. खाणीत आणि भट्टीपुढे राबायला काळे मजूर. आणि ऐका, तुरुंगातले कैदी खाणमालकांना भाड्याने द्यायची पद्धत होती. किरकोळ गुन्ह्यात, कधी खोट्या गुन्ह्यात पकडायचं आणि खाणीत घालायचं. अलाबामात ही पद्धत १९२८ साली बंद झाली, सगळ्या राज्यांच्या शेवटी. आमचे मास्तर फ्रँक अ‍ॅडम्स त्याच १९२८ साली या शहरात जन्मले.

पण त्यांच्या आधी त्यांच्या गुरूचं सांगायला हवं. काळ्या मुलांसाठी तिथे इंडस्ट्रियल हायस्कूल होतं, १९०० साली सुरू झालेलं. १९३९ पासून त्याला पहिल्या मुख्याध्यापकांचं, पार्करांचं नाव आहे. गोऱ्यांचा हिशोब असा की काळ्यांच्या पोरांना हाताची कामं शिकवली की झालं. म्हणून तिथे छपाई वगैरे धंदे शिकवायचे. छपाईचे मास्तर होते जॉन टी. व्हॉटली. या माणसाने १९१७ साली शाळेत बँड सुरू केला. मुलं त्यांना 'फेस' म्हणायची. प्रोफेसर शब्दाचा तो तुकडा. आपल्या फेसाशी त्याचा संबंध नाही, पण शिस्त अशी कडक की पोरांच्या तोंडाला तो यायचाच.

छपाईवाला माणूस. खिळे उलटे वाचायचे, एक अक्षर चुकलं तर अख्खं पान वाया. तीच नजर त्यांनी बँडमध्ये आणली. कानाने ऐकून वाजवणं पुरे नाही, कागदावरचे सूर वाचता आलेच पाहिजेत. वेळेवर आलंच पाहिजे. आम्ही स्वतः लहानपणी थोडे दिवस क्लॅरिनेट धरली आहे, म्हणून सांगतो, बँडमध्ये वाजवण्यापेक्षा न वाजवणं अवघड असतं. सोळा-सोळा घर गप्प बसून मात्रा मोजायच्या आणि नेमक्या ठिकाणी तोंड लावायचं. पुढे आम्ही रिंगखात्यात लागलो. तिथे धागा तुटला की क्षणात जोडायचा असतो, लक्ष दुसरीकडे गेलं की संपलं. ही सवय आम्हाला बँडने लावली, गिरणीने नाही.

व्हॉटलींच्या या आग्रहाचं फळ असं की न्यूयॉर्कचे मोठमोठे बँडवाले त्यांच्या पोरांना डोळे झाकून कामावर घ्यायला लागले. कागद समोर ठेवला की वाजवणार, सांगितलेल्या वेळेला हजर. ज्यांना खाणीशिवाय वाट नव्हती त्यांना संगीत हा रोजगार झाला.

इथे आमच्या वडिलांची आठवण येते. वस्तीतल्या बँडमध्ये जातो म्हटल्यावर ते चार दिवस आमच्याशी बोलले नाहीत. म्हणाले, "गावात वाजवायची सक्ती होती. लग्न त्यांचं, मयत त्यांची, वाजवायचं आपण, आणि बसायचं उकिरड्याशेजारी. ते सोडून शहरात आलो, आणि तू पुन्हा तेच तोंडाला लावतोस?" आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. वडील चूक नव्हतेच. आता वाटतं, त्यांना व्हॉटलींची गोष्ट सांगता आली असती तर बरं झालं असतं. हुकमाने वाजवणं एक आणि शिकून, वाचून, आपला दर आपण सांगून वाजवणं दुसरं. पटलं असतं की नाही, कोण जाणे. म्हातारा हट्टी होता.

याच शहराचा अर्स्किन हॉकिन्स, ट्रम्पेटवाला, जन्म १९१४. तिथे अर्स्किन रॅमसे नावाचा उद्योगपती होता. जो बाप पोराला आपलं नाव देईल त्याच्या पोराच्या नावे तो बँकेत पैसे ठेवायचा, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. मालकाचं नाव घेऊन जन्मला, पण आज ते नाव ओळखलं जातं ते ट्रम्पेटमुळे. १९३९ साली त्याने 'टक्सिडो जंक्शन' ही चाल ध्वनिमुद्रित केली. हे जंक्शन म्हणजे काय, तर एन्स्ली या पोलाद कारखान्याच्या वस्तीतला ट्रामचा नाका. तिथे एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर काळे कामगार नाचायला जमायचे. पुढच्या वर्षी ग्लेन मिलर या गोऱ्या बँडवाल्याने तीच चाल वाजवली आणि अमेरिकाभर गाजवली. ऐकणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की हा आपला, कामगारांचा ट्रामनाका आहे?

इथे फ्रँक अ‍ॅडम्स येतात. यांचे वडील काळ्यांचं वर्तमानपत्र चालवायचे. भाऊ ऑस्कर वकील, १९८० साली अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयावर गेलेले पहिले काळे न्यायमूर्ती. फ्रँक स्वतः सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवणारे. व्हॉटलींच्या हाताखाली तयार झाले, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकले. बाहेर नाव कमवायची ताकद होती, पण गावी परतले आणि लिंकन शाळेत बँडमास्तर झाले. लोक त्यांना 'डॉक' म्हणायचे. कित्येक वर्षं शहरातल्या पोरांना वाजवायला शिकवलं. १९७८ साली अलाबामा जॅझ हॉल ऑफ फेम स्थापन झालं. १९३५ साली काळ्या प्रेक्षकांसाठी बांधलेल्या कार्व्हर थिएटरात १९९३ साली त्याचं संग्रहालय आलं. तिथल्या शिक्षणाचं काम डॉकनी पाहिलं. आलेल्या माणसांना हिंडवून सांगायचे, हा अमक्याचा ट्रम्पेट, तमका कुठल्या गल्लीतला. पुढे बर्गिन मॅथ्यूज या लेखकाने त्यांच्याशी बोलून बोलून सगळं लिहून काढलं आणि २०१२ साली पुस्तक आलं. डॉक २०१४ साली वारले. दोन वर्षं उशीर झाला असता तर व्हॉटली कसे रागवायचे, हे जवळून पाहिलेल्या माणसाच्या तोंडून पुस्तकात ऐकायला मिळालं नसतं.

कार्व्हर थिएटरपासून चालत जाण्याच्या अंतरावर सोळाव्या रस्त्यावरचं बाप्टिस्ट चर्च आहे. मे १९६३ मध्ये शाळकरी पोरं वर्ग सोडून तिथून मोर्चाने निघाली. त्यांच्यावर पोलिसांनी कुत्री सोडली, बंबाचे पाणी मारले. १५ सप्टेंबरला त्याच चर्चमध्ये बॉम्ब फुटला, चार मुली मेल्या. त्यातली कॅरोल रॉबर्टसन चौदा वर्षांची, पार्कर शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची. त्या पानावर आम्ही पुस्तक मिटून ठेवलं.

आता आपलं. आम्हाला क्लॅरिनेट शिकवणारे वस्तीतले मास्तर तुमच्यापैकी पन्नाशीपुढच्यांना आठवत असतील. जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे, पांढरा सदरा, बगलेत वही. त्या वहीत त्यांनी हाताने सूर लिहिलेले होते. आम्ही त्यांना आयुष्यभर 'मास्तर' म्हटलं. या भाषणासाठी त्यांचं पूर्ण नाव लिहायला बसलो आणि हात थांबला. आम्हाला ते ठाऊक नाही. गाव कुठलं, शिकले कुणाकडे, वारले कोणत्या साली, काहीच नाही. ज्यांनी आम्हाला मात्रा मोजायला शिकवलं त्यांच्याबद्दल आम्ही एक ओळ लिहू शकत नाही.

कुणाकडे त्यांचा फोटो असेल, ती वही कुणाच्या माळ्यावर पडली असेल, किंवा घरातल्या म्हाताऱ्यांना त्यांचं नाव-गाव आठवत असेल, तर विहारात कळवा. पुढच्या रविवारी सकाळी आम्ही इथेच वही-पेन घेऊन बसणार आहोत. ज्या आजींना यायला जमणार नाही त्यांच्या घरी आम्ही स्वतः जाऊ. जयभीम.